न आलेल्या संदेशाचा अर्थ

दुसऱ्या महायुद्धाविषयी मराठी वाचकाला पुष्कळ काही ठाऊक असते. वि. ग. कानिटकर आणि वि. स. वाळिंबे यांच्या ग्रंथांवर दोन-तीन पिढ्यांचे वाचन पोसले गेले. त्याच्याही आधी, युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये अण्णाभाऊ साठे यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला आणि व्होल्गेच्या काठावरची ती झुंज मुंबईच्या कामगारवस्तीत डफ-तुणतुण्यावर पोहोचवली. रशियन आघाडी म्हटली की आपल्यासमोर उभी राहते ती बर्फाने झाकलेली जमीन, रणगाडे, वेढा पडलेली शहरे. या आघाडीला समुद्रावरून जाणारी एक वाट होती आणि त्या वाटेवर सुमारे तीन हजार माणसे मेली, ही गोष्ट मात्र आपल्या वाचनात फारशी येत नाही. या लेखात आम्ही त्या वाटेवरच्या एका रात्रीविषयी लिहीत आहोत. ती रात्र ४ जुलै १९४२ ची. तिच्याकडे वळण्याचे कारण केवळ लढाईची हकिगत सांगणे हे नाही. एखाद्या गोष्टीची बातमी येत नाही तेव्हा तिचा अर्थ काय लावावा, हा ज्ञानशास्त्रातला जुना प्रश्न त्या रात्री लंडनमधल्या एका तळघरात उभा राहिला आणि त्याच्या उत्तरावर एकवीस जहाजांचे भवितव्य ठरले.

प्रथम वाटेविषयी. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. रशियाला रणगाडे, विमाने, तोफा, स्फोटके आणि अन्न पुरवण्याचे ब्रिटन व अमेरिकेने ठरवले, तेव्हा पोहोचवण्याचे मार्ग तीनच होते. एक प्रशांत महासागरातून व्लादिवोस्तोकला जाणारा. जपान आणि रशिया यांच्यात तटस्थतेचा करार असल्याने त्या मार्गाने उघड लष्करी माल नेता येत नसे. दुसरा इराणमधून, तो सुरक्षित होता, पण लांबचा, आणि सुरुवातीला तेथील बंदरे व रेल्वे अपुरी होती. तिसरा सर्वांत जवळचा आणि सर्वांत वाईट: आइसलँड किंवा स्कॉटलंडहून निघून, जर्मनांच्या ताब्यातील नॉर्वेच्या उत्तर टोकाला वळसा घालून, मुर्मान्स्क किंवा अर्खांगेल्स्क या बंदरांकडे. युद्धकाळात रशियाला समुद्रमार्गे गेलेल्या एकूण मालापैकी जवळपास निम्मा प्रशांत महासागरातून गेला. आर्क्टिकच्या वाटेला सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे चाळीस लाख टनांच्या आसपास माल आला. परंतु युद्धाच्या पहिल्या, सर्वांत कठीण वर्षात भरवशाची वाट होती ती हीच.

या वाटेचे दोन शत्रू होते आणि ते ऋतूप्रमाणे पाळी बदलत. हिवाळ्यात दिवस उगवतच नसे, त्यामुळे शत्रूच्या विमानांपासून आडोसा मिळे. पण बर्फाची सीमा दक्षिणेकडे सरके आणि जहाजांना नॉर्वेच्या किनाऱ्याच्या जवळून जावे लागे. लाटांचे तुषार डेकवर पडताच गोठत. तो बर्फ कुऱ्हाडींनी फोडून टाकला नाही तर त्याच्या वजनाने लहान जहाज कलंडण्याची भीती असे. पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत गारठून मरे. उन्हाळ्यात बर्फ मागे हटे, दूर उत्तरेकडून जाता येई. पण मग रात्र नसे. चोवीस तास उजेड, आणि त्या उजेडात टेहळणीचे जर्मन विमान ताफ्याभोवती घिरट्या घालत तासन्‌तास राही.

रशियाकडे जाणाऱ्या ताफ्यांना 'पी. क्यू.' आणि परतणाऱ्यांना 'क्यू. पी.' अशी नावे होती. त्यात गूढ काही नाही. नियोजन करणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या नावाची ती आद्याक्षरे होती. पी. क्यू. १७ हा ताफा २७ जून १९४२ रोजी आइसलँडच्या ह्वालफ्योर्डमधून निघाला. त्यात ३५ मालवाहू जहाजे होती. त्यांपैकी दोन वाटेतील अपघातांमुळे मागे फिरली. पोटात जवळजवळ सहाशे रणगाडे, तीनशेच्या आसपास विमाने, चार हजारांहून अधिक मोटारगाड्या आणि दीड लाख टनांहून जास्त इतर माल होता. मालवाहू जहाजांचे प्रमुख होते कमोडोर जॉन डाउडिंग. निकटच्या संरक्षणाला सहा विनाशिका, कॉर्व्हेट, तोफा बसवलेले मच्छीमारी ट्रॉलर आणि दोन पाणबुड्या असे दल होते. त्याचे नेतृत्व कमांडर जॅक ब्रूम यांच्याकडे होते. त्याबाहेर रिअर ॲडमिरल लुई हॅमिल्टन यांची दोन ब्रिटिश व दोन अमेरिकन क्रूझर, आणि त्याहून दूर ॲडमिरल जॉन टोवी यांचे मुख्य आरमार. म्हणजे संरक्षणाची तीन कडी होती. परंतु मुख्य आरमार बॅरेंट्स समुद्रात, जर्मन विमानांच्या टप्प्यात, जाणार नाही असे आधीच ठरलेले होते.

एवढा बंदोबस्त ज्याच्या भीतीने होता ते जहाज म्हणजे 'टिर्पिट्झ'. मे १९४१ मध्ये 'हूड'सारखी बलाढ्य ब्रिटिश युद्धनौका काही मिनिटांत बुडवणाऱ्या 'बिस्मार्क'चे ते जुळे भावंड. पंधरा इंची आठ तोफा. ब्रिटिश क्रूझर तिच्यासमोर टिकल्या नसत्या. मार्च १९४२ मध्ये फ्रान्सच्या सेंट नाझेर बंदरातील प्रचंड गोदी ब्रिटिशांनी जिवावर उदार होऊन उडवून दिली, ती मुख्यतः या एका जहाजाला अटलांटिकच्या काठावर दुरुस्तीची जागा उरू नये म्हणून. जुलैच्या आरंभी टिर्पिट्झ ट्राँडहाइमहून निघून नॉर्वेच्या उत्तरेकडील आल्टेनफ्योर्डमध्ये आली. ताफ्यावर झडप घालण्याच्या जर्मन योजनेचे नाव होते 'रोसेलश्प्रुंग', म्हणजे बुद्धिबळातली घोड्याची चाल.

४ जुलैच्या संध्याकाळपर्यंत ताफा चांगल्या स्थितीत होता. पहाटे एक जहाज विमानाच्या पाणतीराने निकामी झाले होते आणि संध्याकाळच्या मोठ्या हवाई हल्ल्यात आणखी दोन गेली. पण रांगा मोडल्या नव्हत्या. अमेरिकन जहाजांनी आपल्या स्वातंत्र्यदिनानिमित्त सकाळी जुने, विटलेले झेंडे उतरवून कोरे मोठे झेंडे चढवले होते. हल्ला परतवल्यावर खलाशांचा उत्साह वाढला होता. एकत्र राहिलो तर पोहोचू, ही भावना त्या संध्याकाळी खरी होती.

आता लंडनकडे वळू. ॲडमिरल्टीच्या इमारतीखालील तळघरात नौदलाचे गुप्तवार्ता केंद्र होते. जर्मन नौदलाचे 'एनिग्मा' यंत्राने कूटबद्ध केलेले बिनतारी संदेश ब्लेचली पार्क येथे उकलले जात आणि येथे येत. जर्मन पृष्ठनौकांच्या हालचालींवर नजर ठेवणारे अधिकारी होते कमांडर नॉर्मन डेनिंग. त्या संध्याकाळी नौदलाचे सर्वोच्च अधिकारी, फर्स्ट सी लॉर्ड ॲडमिरल सर डडली पाउंड, स्वतः तळघरात उतरले. आदल्या चोवीस तासांचे संदेश नुकतेच उकलू लागले होते. त्यांतून एवढे कळले होते की टिर्पिट्झ त्या दिवशी सकाळी आल्टेनफ्योर्डला पोहोचली असून सोबतच्या विनाशिकांना तेल भरून घेण्याचा हुकूम आहे. म्हणजे ती निघणार हे दिसत होते. निघाली आहे का?

डेनिंग यांचे मत होते की नाही. त्यांच्यापाशी 'टिर्पिट्झ बंदरात आहे' असे सांगणारा एकही कागद नव्हता. होते ते सगळे अभाव. मार्चमध्ये टिर्पिट्झ एका आधीच्या ताफ्यावर चालून गेली होती, तेव्हा बिनतारी संदेशांची विशिष्ट लगबग दिसली होती. ती आता दिसत नव्हती. ताफ्याजवळच्या जर्मन पाणबुड्यांना 'आपली जहाजे येत आहेत, सांभाळा' असा इशारा गेलेला नव्हता. नॉर्वेच्या उत्तर टोकाशी पहारा देणाऱ्या मित्रराष्ट्रांच्या पाणबुड्यांनी काही पाहिले नव्हते. डेनिंग यांच्या नंतरच्या आठवणींनुसार पाउंड यांनी विचारले ते असे: टिर्पिट्झ आल्टेनफ्योर्डमध्ये नांगरून उभी आहे अशी खात्री तुम्ही मला देऊ शकता का? डेनिंग म्हणाले, खात्री देता येणार नाही. ती बाहेर पडली की मात्र काही तासांत आम्हाला कळेल. पाउंड वर गेले.

या प्रश्नोत्तराशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्याकडच्या दर्शनकारांनी या कोड्याचा विचार अत्यंत बारकाईने केलेला आहे. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कसे कळते? डोळ्यांना दिसते ती जमीन. 'घडा नसणे' ही काही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी यासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाणच मानले. वेदान्त्यांनी ते स्वीकारले, नैयायिकांनी ते वेगळे मानायला नकार दिला. परंतु एका अटीबद्दल दोन्ही पक्ष दक्ष होते. जी वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे प्रमाण ठरते. याला 'योग्यानुपलब्धी' म्हणतात. भरपूर उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. आणि पिशाच्च दिसत नाही म्हणून ते नाही असेही म्हणता येत नाही, कारण ते असते तरी दिसलेच नसते.

डेनिंग यांचा युक्तिवाद हा शुद्ध योग्यानुपलब्धीचा होता. त्यांच्या दृष्टीने समुद्र ही उजेडातली जागा होती. एवढे मोठे जहाज समुद्रावर निघाले तर किनाऱ्यावरच्या मुख्यालयाला त्याच्याशी, पाणबुड्यांशी आणि विमानदलाशी बिनतारी संदेशांनी बोलावेच लागणार, आणि ते संदेश आपल्या कानी येणार. म्हणून समुद्रावरची शांतता अर्थपूर्ण होती. बंदर मात्र अंधारातली जागा होती. नांगरून उभे असलेले जहाज किनाऱ्याशी तारेच्या टेलिफोनवर बोलते. त्याचा एक शब्दही हवेत येत नाही. त्यामुळे 'ती बंदरात आहे का' या प्रश्नाला थेट पुरावा मिळणे स्वभावतःच अशक्य होते. 'ती समुद्रावर आहे का' या प्रश्नाला मात्र सबळ उत्तर होते. दोन्ही प्रश्न वरवर एकच वाटतात. त्यांतला एक उजेडातला, दुसरा अंधारातला. पाउंड यांनी विचारला तो दुसरा.

असा प्रश्न विचारल्यावर प्रामाणिक माणसाला 'नाही' म्हणण्यावाचून गत्यंतर नसते. डेनिंग यांनी आपला कल अधिक जोराने मांडायला हवा होता असे म्हणता येईल. पण ते कमांडर होते, समोर नौदलाचा सर्वश्रेष्ठ ॲडमिरल होता, आणि प्रश्नाची मांडणी अशी होती की तिच्यात 'तुमचे मत काय' याला जागाच नव्हती. पुढे थोड्याच वेळाने आणखी एक उकललेला संदेश आला. आपल्या पृष्ठनौका त्या भागात नाहीत असे जर्मन पाणबुड्यांना कळवल्याचे त्यातून दिसले. डेनिंग यांचे अनुमान बरोबर ठरत होते. पण तोवर वरच्या मजल्यावरील बैठकीत निर्णय झालेला होता. उपस्थितांपैकी बहुतेकांचे मत ताफा मोडू नये असे होते. टिर्पिट्झ निघाली असेलच तर पहाटे दोनच्या सुमारास ताफ्यापाशी पोहोचेल, असे गणित पाउंड यांच्यासमोर होते.

मग पंचवीस मिनिटांत तीन संदेश सुटले. रात्री ९ वाजून ११ मिनिटांनी: क्रूझरांनी पूर्ण वेगाने पश्चिमेकडे माघारी फिरावे, प्राधान्य 'अतितातडीचे'. ९ वाजून २३ मिनिटांनी: शत्रूच्या पृष्ठनौकांच्या धोक्यामुळे ताफ्याने पांगून रशियन बंदरांकडे जावे, प्राधान्य केवळ 'तातडीचे'. आणि ९ वाजून ३६ मिनिटांनी: ताफ्याने विखुरावे, प्राधान्य पुन्हा 'अतितातडीचे'.

तिसऱ्या संदेशाचे कारण शाब्दिक होते. नौदलाच्या परिभाषेत 'डिस्पर्स' आणि 'स्कॅटर' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीत जहाजे रांगा मोडून आपापल्या वेगाने त्याच बंदराकडे निघतात. म्हणजे कित्येक तास ती एकमेकांच्या आसपासच राहतात. दुसरीत प्रत्येक जहाज आधी ठरवून दिलेल्या वेगळ्या दिशेला जाते आणि ताफा पंख्यासारखा उलगडत नाहीसा होतो. बैठकीत ठरले होते दुसरे; संदेशात लिहिला गेला पहिला शब्द. चूक लक्षात आली, आणि ती दुरुस्त करण्यासाठी तिसरा संदेश गेला. लंडनमध्ये ती शब्दाची दुरुस्ती होती. बॅरेंट्स समुद्रावर ब्रूम आणि हॅमिल्टन यांनी जे वाचले ते निराळेच: आधी क्रूझर मागे, मग पांगा, मग तेरा मिनिटांत अधिकच्या तातडीने विखुरा. या चढत्या सुराचा एकच अर्थ त्यांना लागला. टिर्पिट्झ क्षितिजापलीकडे आली आहे. तिची डोलकाठी आता कोणत्याही क्षणी दिसेल. संदेशांत कारणाचा तपशील नव्हता. उकललेल्या संदेशांचे गुपित राखायचे म्हणून तो देण्याची रीतही नव्हती. ज्या आज्ञेच्या मुळाशी 'आम्हाला खात्री नाही' हे वाक्य होते, ती ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचताना 'आम्हाला खात्री आहे' अशी झाली.

डाउडिंग यांचा विश्वास बसेना. ब्रूम यांना आपली विनाशिका जवळ नेऊन आज्ञा तोंडी पुन्हा सांगावी लागली. मग ब्रूम आपल्या सहाही विनाशिका घेऊन हॅमिल्टन यांच्या क्रूझरांना जाऊन मिळाले. आपण लढाईला चाललो आहोत अशी त्यांची समजूत होती. मालवाहू जहाजांवरच्या खलाशांनी पाहिले ते एवढेच, की आपले रक्षण करणारी सर्वांत वेगवान जहाजे भर उजेडात पश्चिमेकडे, म्हणजे घराकडे, निघून जात आहेत.

पुढचे थोडक्यात सांगतो. टिर्पिट्झ त्या रात्री समुद्रावर नव्हती. ती दुसऱ्या दिवशी, ५ जुलैच्या दुपारी निघाली आणि संध्याकाळी तिला परत बोलावण्यात आले, कारण तिच्यासाठी काम उरले नव्हते. एकट्या पडलेल्या जहाजांना पाणबुड्या आणि विमाने एकेक करून टिपत होती. ५ जुलै या एका दिवसात डझनभर जहाजे गेली. डाउडिंग यांचे 'रिव्हर आफ्टन'ही त्यांतच. शेवटी सुटकानौका आणि तेलाचे जहाज धरून एकूण २४ जहाजे बुडाली, त्यांपैकी २१ ताफा मोडल्यानंतर. फक्त ११ मालवाहू जहाजे रशियाला पोहोचली. १५३ खलाशी मेले. ४३० रणगाडे, २१० विमाने, ३,३५० गाड्या आणि जवळजवळ एक लाख टन इतर माल समुद्राच्या तळाशी गेला. संरक्षक दलातील एकही लढाऊ जहाज बुडाले नाही. नौदलाच्या मनाला सर्वांत अधिक लागली असेल ती ही शेवटची गोष्ट.

पाउंड यांचा निर्णय वेडगळ होता असे म्हणणे सोपे आहे, आणि ते आम्हाला मान्य नाही. त्याला पूर्वाधार होता. नोव्हेंबर १९४० मध्ये अटलांटिकमध्ये 'ॲडमिरल शेअर' या जर्मन युद्धनौकेने एका ताफ्याला गाठले, तेव्हा 'जर्व्हिस बे' हे संरक्षक जहाज एकटे तिच्यावर चालून गेले आणि ताफा विखुरल्यामुळे बहुतेक जहाजे वाचली. पण तेथे महासागर चहूकडे मोकळा होता, रात्र येऊ घातली होती, आणि शत्रू एकच होता. बॅरेंट्स समुद्रात उत्तरेला बर्फाची भिंत, डोक्यावर न मावळणारा सूर्य, आणि संभाव्य टिर्पिट्झखेरीज पाणबुड्या व विमाने प्रत्यक्ष हजर. असलेल्या शत्रूंपेक्षा नसलेल्या शत्रूचे वजन जास्त धरले गेले. टोवी यांनी या कल्पनेला आधीच कडाडून विरोध केला होता. पाउंड यांच्या डोक्यात त्या वेळी गाठ वाढत होती आणि तिने त्यांची निर्णयशक्ती बाधली असावी, असा तर्क काही लेखक करतात. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले हे खरे. आम्हाला हा तर्क अनावश्यक वाटतो. निरोगी डोक्याचा माणूसही 'खात्री द्या' असे विचारतो, आणि न मिळालेल्या खात्रीला संकटाची खात्री समजतो.

त्याच रात्री एका माणसाने उलटा विचार केला. 'एअरशायर' या ट्रॉलरचे कप्तान लेफ्टनंट लिओ ग्रॅडवेल हे युद्धापूर्वी बॅरिस्टर होते. त्यांना आज्ञा मिळाली ती सर्वांना मिळाली तीच. त्यांनी वाटेत भेटलेली तीन मालवाहू जहाजे सोबत घेतली आणि बंदराच्या दिशेने न जाता सरळ उत्तरेकडे, बर्फात, शिरले. समुद्राचे नीट नकाशेही जवळ नव्हते. बर्फाच्या मैदानात जहाजे थांबवून भट्ट्या विझवल्या, धूर बंद केला. 'ट्रूबाडोर' जहाजावर पांढऱ्या रंगाचा साठा सापडला. तो फासून आणि वर चादरी पसरून जहाजे बर्फाच्या रंगाची केली. डेकवर बांधलेल्या रणगाड्यांच्या तोफा भरून बाहेरच्या दिशेला वळवून ठेवल्या. दोन दिवसांनी ही चारही जहाजे नोवाया झेमल्याकडे सरकली आणि त्याच महिन्यात अर्खांगेल्स्कला सुखरूप पोहोचली. ग्रॅडवेल यांच्यापाशी लंडनहून अधिक माहिती नव्हती; कितीतरी कमी होती. त्यांनी खात्रीची वाट पाहिली नाही. शत्रू कोठून आणि कसा बघतो, आणि त्याला आपण कोठे दिसणार नाही, एवढाच विचार केला. स्वतःचे जहाज बुडाल्यावर वाचलेले डाउडिंगही जुलैच्या मध्यावर अर्खांगेल्स्कहून पुन्हा निघाले आणि नोवाया झेमल्याच्या किनाऱ्याला लपलेली जहाजे गोळा करून घेऊन आले.

या घटनेचा इतिहास कसा लिहिला गेला हेही सांगण्याजोगे आहे. १९६८ मध्ये डेव्हिड अर्व्हिंग याचे या ताफ्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रणाने आपली बदनामी झाली म्हणून ब्रूम यांनी दावा लावला. १९७० मध्ये न्यायालयाने त्यांना चाळीस हजार पौंडांची भरपाई दिली आणि १९७२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही ती कायम केली. हा खटला पुढे कायद्याच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला. इतिहासाच्या दृष्टीने त्यातली गंमत, म्हणायची तर, निराळी आहे. न्यायालयात ब्रूम यांच्या वर्तनाची चिरफाड चालू होती तेव्हा एनिग्मा उकलल्याचे गुपित अजून फुटलेले नव्हते. ते १९७४ मध्ये जाहीर झाले. तळघरातल्या त्या प्रश्नोत्तराचा खरा आधार जगाला कळला त्यानंतर, मुख्यतः याच केंद्रात काम केलेल्या पॅट्रिक बीझली यांच्या १९७७ च्या पुस्तकातून. तोवर तीस-पस्तीस वर्षे लोक ज्या निर्णयावर वाद घालत होते, त्याचा मधला कागदच कोणाच्या हाती नव्हता. साधनांत अमुक गोष्ट दिसत नाही म्हणून ती नव्हती, असे म्हणणाऱ्या इतिहासकाराने योग्यतेची अट किती कसून तपासायला हवी, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. कुलूपबंद दप्तर ही अंधारातली जागा असते.

ताफे थांबले नाहीत. काही आठवड्यांच्या खंडानंतर सप्टेंबर १९४२ मध्ये पी. क्यू. १८ निघाला. या वेळी सोबत 'ॲव्हेंजर' ही छोटी विमानवाहू नौका होती आणि ताफा शेवटपर्यंत मोडला नाही. चाळीसपैकी तेरा जहाजे गेली, सत्तावीस पोहोचली. मे १९४५ पर्यंत एकूण ७८ ताफे आणि सुमारे १,४०० मालवाहू जहाजे या वाटेने गेली. त्यांपैकी ८५ मालवाहू जहाजे आणि ब्रिटिश नौदलाची १६ जहाजे बुडाली. टिर्पिट्झने यांतले एकही बुडवले नाही. तिच्या मोठ्या तोफांचा मारा झाला तो सप्टेंबर १९४३ मध्ये स्पिट्सबर्गेन बेटावरच्या ठाण्यांवर, आणि १२ नोव्हेंबर १९४४ रोजी ट्रॉम्सोजवळ बॉम्बवर्षावात ती उलटली. आपले सर्वांत मोठे काम तिने बंदरात उभे राहूनच केले होते.

ज्यांनी ही किंमत दिली ते बहुतांशी सैनिक नव्हते. ते पगारी खलाशी होते. आज्ञेचा अर्थ लावणे त्यांच्या हाती नव्हते आणि तिचे कारणही त्यांना कोणी सांगितले नाही. ब्रिटनने या वाटेवरच्या माणसांसाठी 'आर्क्टिक स्टार' हे स्वतंत्र पदक काढले ते थेट २०१३ मध्ये, जेव्हा त्यांच्यातले थोडेच उरले होते. व्यापारी जहाजांवरच्या माणसांबाबत ही उपेक्षा सर्वत्रच दिसते. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर कोकण, गोवा आणि सिल्हेट येथील हजारो खलाशी होते. त्यांचे समुद्र बहुधा वेगळे, पण पाणतीर तोच. मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये हिंदी नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून अधिक मृतांचे स्मारक आहे. मुंबईकरांपैकी किती जणांचे पाय तिकडे वळतात?

डेनिंग यांना त्या संध्याकाळी 'ती समुद्रावर असती तर आपल्याला आतापर्यंत काय काय ऐकू आले असते' असे विचारले असते, तर त्यांनी पाच मिनिटांत यादी सांगितली असती. आणि त्या यादीतले काहीही ऐकू आलेले नाही, हे त्याच टेबलावर दिसले असते. हा प्रश्न विचारायला जास्त माहिती लागत नव्हती. तो त्या रात्री विचारला गेला नाही, आणि बॅरेंट्स समुद्रावर उरलेल्या जहाजांचा ताफा पंख्यासारखा उलगडत गेला.